केग गोठला? आधी नळाला हात लावू नका

घरी बिअर बनवणाऱ्या वाचकांचे या वेळचे सगळे प्रश्न एकाच अपघाताचे आहेत: फ्रीझर किंवा फ्रीज हवा त्यापेक्षा थंड झाला आणि आतली बिअर गोठली. प्रश्नांची भाषा थोडी आवरती घेतली आहे.

प्रश्न: १९ लिटरच्या केगमध्ये (बिअर गॅसच्या दाबाखाली ठेवायचं स्टीलचं पिंप) साधारण १८ लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) होती, अल्कोहोल ५ टक्के. रात्रभर फ्रीझर चालूच राहिला. सकाळी नळातून थेंब येईना आणि केग हलवून पाहिला तर आत काही डुचमळत नाही. सगळी बिअर फेकून द्यावी लागेल का?

अजिबात नाही. गोठलेली बिअर नासलेली नसते, ती फक्त वेगळी झालेली असते. तिला पुन्हा एकजीव करणं एवढंच काम आहे, पण ते होईपर्यंत एक घोटही काढायचा नाही.

५ टक्के अल्कोहोलची बिअर उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. गोठतं ते पाणी. अल्कोहोल, उरलेली साखर, आम्लं, हॉप्स या फुलांचा कडवटपणा हे सगळं बर्फाबाहेर ढकललं जातं आणि उरलेल्या द्रवात साठत जातं. द्रव दाट झाला की त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. म्हणून घरगुती फ्रीझरच्या उणे १८ अंशांनाही बिअरचा पार दगड होत नाही. बर्फाच्या स्फटिकांमध्ये कडक, गोडसर द्रव अडकून राहतो. हलवल्यावर आवाज येत नाही याचा अर्थ एवढाच की बर्फाने आतली जागा व्यापली आहे.

आता क्रम सांगतो. फ्रीझरचा प्लग काढा. कार्बन डायऑक्साइडच्या गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. मग गॅसचा कनेक्टर केगवरून काढा. हे महत्त्वाचं अशासाठी की पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. १८ लिटरमधलं निम्मं गोठलं तरी पाऊण लिटरहून जास्त जागा जादा लागते. तेवढी पातळी वर चढते, गॅसच्या आखूड नळीचं तोंड बुडतं आणि बिअर गॅसच्या पाइपातून मागे रेग्युलेटरकडे (सिलिंडरवरचा दाब नियंत्रक) निघते. कनेक्टर बर्फाने चिकटला असेल तर पकड घेऊन ओढू नका. साधं, कोमट न केलेलं पाणी अर्धा मिनिट त्यावर ओता, सुटतो.

त्यानंतर केगचं अंग तपासा. सपाट फरशीवर तो डगमगतोय का, तळ फुगलाय का, झाकणाच्या कडेने बर्फाची किंवा फेसाची रेघ बाहेर आली आहे का? फुगवटा दिसला तर त्या केगपाशी वाकून उभं राहू नका, त्याला बादलीत किंवा टबात ठेवून वितळू द्या आणि चष्मा घाला. फुगवटा नसेल तर धोका फारसा नाही. बहुतेक कॉर्नेलियस केगवर (घरी वापरतात तो झाकणाचा केग) कमाल दाब १३० पीएसआय (दाबाचं एकक) कोरलेला असतो. तुमची बिअर नेहमीसारखी, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट गॅसने भरलेली असेल, तर पूर्ण वितळून २० अंशांना आल्यावरही आत २८ पीएसआयच्या आसपासच दाब असेल.

सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून दाब सोडण्याचा मोह होईल. तो आवरा. पातळी वर आलेली असताना रिंग ओढली की गॅसऐवजी फेस उडतो, आणि जो फेस उडतो तो नेमका कडक भागाचा असतो. शिवाय व्हॉल्व्हमध्ये बर्फ बसला तर तो नीट बंद होत नाही आणि पुढचे दोन दिवस हळूहळू गळत राहतो.

प्रश्न: वितळवायची घाई आहे. केग गरम पाण्यात ठेवला तर चालेल? नाहीतर किती वेळ लागतो?

गरम पाणी नको, हीटरची झोत नको, ज्योत तर नकोच. बर्फ वितळायला किती उष्णता लागते याचा अंदाज सहसा चुकतो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक लिटर पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ही उष्णता घाईने द्यायला गेलात की भिंतीलगतची बिअर चांगली तापते, मधला गोळा तसाच राहतो, आणि त्या तापलेल्या थरातून गॅस सुटून फेस होतो.

१८ लिटरपैकी निम्मं गोठलं आहे असं धरा. ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ते वितळायला दोन ते तीन दिवस लागतात. सुमारे २० अंशांच्या खोलीत, सावलीत, एक रात्र ते एक दिवस. टबात २० अंशांचं साधं पाणी घेऊन त्यात केग खांद्यापर्यंत उभा केला तर चार-सहा तासांत काम होतं, मात्र पाणी एक-दोनदा बदलावं लागतं, कारण ३० लिटर पाणी बर्फाच्या मानाने लवकर थंड पडतं. पाणी झाकणाच्या कडेपर्यंत येऊ देऊ नका.

आमचा कल खोलीतल्या तापमानाकडे आहे. आत बर्फ आहे तोवर बिअर शून्याच्या आसपासच राहते, त्यामुळे ती 'गरम होऊन बिघडेल' ही भीती निराधार आहे. बंद केगला एक दिवस बाहेर काढून ठेवल्याने काही होत नाही. बिघडते ती उघडल्याने: आत हवा गेली की ऑक्सिजनने चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. म्हणून आत डोकावून बर्फ पाहायला झाकण काढू नका.

बर्फ संपला हे बाहेरून कळतं. बर्फ तरंगतो, त्यामुळे तो वितळत असताना केगच्या वरच्या भागावर दवाचा ओला पट्टा दिसतो आणि खालचं स्टील आधी कोरडं होऊ लागतं. पट्टा नाहीसा झाला की केग दोन्ही हातांनी धरून हलकेच तिरका करा. आत गोळा शिल्लक असेल तर भिंतीवर आपटल्याचा बोथट 'ठक' ऐकू येतो. आवाज बंद झाल्यावरही दोन तास थांबा.

प्रश्न: केग वितळल्यावर नळ उघडला. पहिले ग्लास सिरपासारखे कडक, नंतरचे पाणचट. सहा-सात ग्लास, म्हणजे सुमारे दोन लिटर, काढून झाल्यावर लक्षात आलं. उरलेल्या बिअरचं काय?

उरलेली वाचली आहे. तुम्ही मिसळायची पायरी चुकवलीत, एवढंच.

बर्फ वर तरंगत असतो, तिथेच तो वितळतो आणि त्याचं पाणी वरच्या थरात राहतं. साखर विरघळलेला दाट भाग जड, तो बुडाशी बसतो. बिअर वर नेणाऱ्या डिप ट्यूब या नळीचं तोंड बुडाशीच असल्यामुळे पहिला येतो तो कडक माल. वितळल्यानंतर आपोआप सगळं सारखं होईल हा समज चुकीचा आहे. न हलवलेला केग कित्येक दिवस असाच थरांत राहू शकतो.

नुकसान किती झालं याचा हिशोब करू. १८ लिटर, ५ टक्के, म्हणजे आत ०.९ लिटर अल्कोहोल. समजा खालचा दाट थर १२ लिटरचा होता, तर त्यात साधारण साडेसात टक्के. त्यातले २ लिटर काढले म्हणजे ०.१५ लिटर अल्कोहोल गेलं. उरलं ०.७५ लिटर, १६ लिटरमध्ये. नीट मिसळल्यावर बिअर ४.७ टक्क्यांची होईल. जिभेला हा फरक कळणं कठीण. दोनऐवजी सहा लिटर काढले असते तर मात्र उरलेली ३.७५ टक्क्यांवर आली असती आणि अंगाने पातळ लागली असती.

मिसळायचं असं. केगमध्ये १५ ते २० पीएसआय दाब द्या म्हणजे झाकण घट्ट बसेल. कॉर्नेलियसचं झाकण आतून वर दाबूनच बसतं. मग गॅस आणि बिअर दोन्हीकडचे कनेक्टर काढा. केग जाड सतरंजीवर आडवा करा आणि अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे असा तीन-चार मिनिटं सावकाश लोळवा. घुसळायचं नाही, पालथा करायचा नाही. पुन्हा उभा करून ४ अंशांना एक ते दोन दिवस स्थिर ठेवा.

केगमध्ये यीस्टचा जाड गाळ असेल तर लोळवल्याने तो सगळा उठेल. अशा वेळी सिलिंडरची नळी थोडा वेळ बिअरच्या कनेक्टरला जोडा आणि २ ते ३ पीएसआय जास्त दाबाने गॅस खालून सोडा. बुडबुडे वर जाताना थर ढवळतात. त्यासाठी वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा ठेवावा लागतो आणि फेसावर नजर ठेवावी लागते. काम संपताच नळी काढून धुवा.

मिसळलं की नाही हे चवीवर सोडू नका. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून द्रवाची दाटी मोजणारं उपकरण) असेल तर नळीत साचलेला पहिला अर्धा कप बाजूला टाका, मग दोन थेंब तपासा. लोळवण्याआधी आणि नंतर असे दोन आकडे घ्या. अल्कोहोल आणि साखर दोन्ही त्यावरचा आकडा वाढवतात, त्यामुळे दाट थर लगेच उघडा पडतो. साधारण १.०५० घनतेवर (पाणी म्हणजे १.०००) सुरू होऊन १.०१० ला थांबलेली बिअर त्यावर ६ ते ७ ब्रिक्स (या उपकरणाचं एकक) दाखवते. तुमच्या नळातून ९ येत असेल तर अजून लोळवा. द्रवात तरंगवून घनता मोजणारा हायड्रोमीटर इथे फसवतो: साखर वाढली की आकडा वर जातो, अल्कोहोल वाढलं की खाली.

प्रश्न: सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. बिअर एकसारखी झाली, पण ग्लासात पांढरे तंतू तरंगतात, गॅस कमी वाटतो आणि फेस पूर्वीसारखा टिकत नाही. हे परत येतं का?

गॅस परत येतो, स्वच्छपणा बराचसा येतो, फेस पूर्ण येईलच असं नाही.

तंतू म्हणजे बहुधा प्रथिनं आणि पॉलिफिनॉल्स (धान्य आणि हॉप्समधली तुरट द्रव्यं). द्रव आकसत गेल्यावर ही मंडळी एकमेकांना घट्ट धरतात. ग्लास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बिअर निवळली तर तो साधा थंडीचा गढूळपणा. तंतू तसेच राहिले तर ते कायमचे, पण निरुपद्रवी. त्यांना फक्त खाली बसवायचं. सोपा मार्ग वाट पाहण्याचा: केग २ ते ४ अंशांना आठवडाभर स्थिर ठेवा, मग पहिला पाव लिटर टाकून द्या. लवकर हवं असेल तर जिलेटिन. १९ लिटरला अर्धा चमचा, म्हणजे २ ग्रॅमच्या आसपास. १२० मिलिलिटर थंड पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ढवळत ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. उकळलं की त्याची पकड कमी होते. बिअर पूर्ण थंड असताना दाब सोडून झाकण उघडा, ओता, लगेच बंद करा. मग १५ पीएसआय गॅस भरून सेफ्टी व्हॉल्व्हने सोडणं असं पाच-सहा वेळा करा, म्हणजे आत शिरलेली हवा निघून जाईल. ४८ तासांत फरक दिसतो. जिलेटिन प्राणिजन्य आहे. चालत नसेल तर आठवडा थांबणं हाच मार्ग.

गॅस कमी झाला याचं कारण गळती किंवा उघडलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. बर्फात गॅस मावत नाही, तो वरच्या जागेत येतो. केग घट्ट असेल तर वितळताना बिअर तो पुन्हा पिऊन घेते. गळतीतून गेलेला मात्र नव्याने द्यावा लागतो. ४ अंशांना १२ पीएसआय लावून सात ते दहा दिवस ठेवा, अडीच पटीच्या आसपास गॅस येईल. घाईत ३० पीएसआय एक दिवस देऊन मग १२ वर आणतात. आधी मोजून पाहा, कारण बिअरमध्ये निम्मा गॅस शिल्लक असताना हा झटका दिला की ती फेसाळून हाताबाहेर जाते.

फेसाचं दुखणं यीस्टमध्ये आहे. बर्फाचे स्फटिक यीस्टच्या पेशी फोडतात. फुटलेल्या पेशींतून प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स बिअरमध्ये येतात आणि फेस धरून ठेवणारी प्रथिनं तीच खातात. जितके दिवस बिअर या गाळावर बसेल तितका फेस कमी होतो आणि पुढे मांसाच्या रश्श्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून गोठलेल्या केगमध्ये गाळ असेल तर बिअर मिसळून स्थिर झाल्यावर दुसऱ्या, आधीच कार्बन डायऑक्साइड भरलेल्या केगमध्ये न उघडता काढून घ्या, आणि तळचा अर्धा लिटर मागेच सोडा.

कोणत्या बिअरला किती फटका बसतो हेही सांगायला हवं. स्टाउट आणि माल्टप्रधान लागर जवळपास तशाच्या तशा परततात. मुद्दाम गढूळ ठेवलेल्या आयपीएला (भरपूर हॉप्सची पेल एल) सगळ्यात जास्त त्रास होतो: गढूळपणासोबत हॉप्सचा सुगंधही खाली बसतो. ताजे हॉप्स पुन्हा टाकून थोडा परत आणता येतो, पूर्ण नाही.

प्रश्न: केग पुन्हा वापरण्याआधी काय तपासावं? गॅसच्या पाइपात बिअर दिसते आहे.

तळ किंवा खांदा फुगलेला असेल तर तो केग दाबासाठी कायमचा बाद. ठोकून सरळ करू नका. ताणलेलं स्टील आणि वेल्डिंग यांचा भरवसा राहत नाही.

आकार शाबूत असेल तर सगळ्या ओ-रिंग काढून पाहा: झाकणाची मोठी, दोन्ही पोस्टवरच्या (कनेक्टर बसतात त्या तोट्या), आणि डिप ट्यूबच्या गळ्याभोवतीची छोटी. ही शेवटचीच जास्त दगा देते, कारण ती बाहेरून दिसत नाही. ती चिरली की बिअर ओतताना प्रत्येक ग्लासात विनाकारण फेस येतो. मग केग काठोकाठ पाण्याने भरा, ३० पीएसआय द्या, सिलिंडर बंद करा आणि रात्रभर मीटरकडे पाहा. पाण्याने भरायचं कारण साधं: केग फुटलाच तर पाणी सांडतं, दाबलेला वायू मात्र झाकण भिरकावतो. काटा उतरला तर साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधा.

गॅसचा पाइप सोडवून गरम पाण्याने धुवा, निर्जंतुक करा, वाळवा. जुना असेल तर बदला. बिअर रेग्युलेटरच्या आत गेली असेल तर तो जाणकाराकडून उघडून साफ करून घ्या. पाइपात नॉन-रिटर्न (बिअर मागे जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह बसवलात तर पुढच्या वेळी एवढं तरी वाचेल.

प्रश्न: केग नव्हे, काचेच्या बाटल्या गोठल्या. काही फुटल्या, काही शाबूत दिसतात.

हातमोजे आणि चष्मा घालून सगळ्या एका झाकणाच्या बादलीत ठेवा आणि फ्रीजमध्ये वितळू द्या. तडा गेलेली किंवा बूच वर उचललेली बाटली फेकायची. काचेचा चुरा कापडातून गाळून पिण्याइतकी कोणतीही बिअर मोलाची नाही. शाबूत बाटल्या वितळल्यावर दोन-तीनदा सावकाश उलटसुलट करा आणि लवकर संपवा. बाटलीत गॅस तयार व्हायचा बाकी असेल तर यीस्टवर विसंबू नका, नवं घालावं लागेल.

प्रश्न: फर्मेंटरच गोठला, आंबणं अर्धवट असताना.

१८ अंशांपर्यंत हळूहळू आणा, हलकेच ढवळा आणि दोन दिवस ग्रॅव्हिटी (घनता) मोजा. सगळं यीस्ट मरत नाही, पण उरलेलं थकलेलं असतं. आकडा हलत नसेल तर नवं यीस्ट लागेल. ते कोरडं वरून भुरभुरू नका. आत अल्कोहोल आहे, साखर कमी आहे, अशा ठिकाणी नवं यीस्ट बिचकतं. अर्धा लिटर माल्टच्या पाण्यात ते आधी जागवा आणि फेस चढत असताना ओता.

प्रश्न: वरचा बर्फ काढून टाकला तर बिअर कडक होईल ना? मग अपघाताचा फायदाच का घेऊ नये?

होईल, आणि आइसबॉक ही जर्मन बिअर याच तत्त्वावर बनते. पण बर्फ काढून अल्कोहोल वाढवणं काही देशांत ऊर्ध्वपातनात धरलं जातं आणि विनापरवाना गुन्हा ठरतं, म्हणून आपल्याकडचा नियम आधी पाहा. चवीच्या बाजूनेही विचार करा: अल्कोहोलसोबत कडवटपणा आणि दोषही दाट होतात. त्यासाठी मुळात कमी हॉप्सची, गोलसर माल्टची बिअर लागते. पेल एल दुप्पट कडक केली की कडू औषध होतं.

प्रश्न: फ्रीझर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवर ४ अंश लावले होते, आकडाही ४ च दिसत होता. तरी गोठलं कसं?

कंट्रोलर फक्त सेन्सरला काय वाटतं ते सांगतो. म्हणून आधी सेन्सर कुठे होता ते आठवा. तो झाकणाच्या फटीतून बाहेर घसरला असेल तर त्याला खोलीची हवा लागते आणि फ्रीझर थांबतच नाही. पण मग आकडा ४ दिसला नसता. तुमचा आकडा ४ होता, तेव्हा दोन शक्यता उरतात. एक, सेन्सरच चुकीचं दाखवतोय. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात घ्या, सेन्सर दहा मिनिटं बुडवा. आकडा शून्यापासून अर्ध्या अंशात हवा. दुसरी, सेन्सर वरच्या उबदार हवेत लटकत होता. खोल फ्रीझरमध्ये थंड हवा तळाला साचते, आणि केग भिंतीला टेकला असेल तर बिअर त्या बाजूने गोठू लागते, वर मात्र ४ अंशच राहतात.

सेन्सर केगच्या अर्ध्या उंचीवर, बिअरच्या पातळीखाली, चिकटपट्टीने घट्ट लावा आणि त्यावर फोमचा तुकडा दाबून बसवा, म्हणजे तो हवेऐवजी बिअरचं तापमान वाचेल. कंट्रोलर चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक १ अंशाचा ठेवा आणि कंप्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी ५ ते १० मिनिटांचा विलंब लावा. केग भिंतीपासून दोन बोटं दूर. तळाशी छोटा पंखा ठेवलात तर वर-खालचा फरक जवळपास मिटतो.

गरम आणि थंड असे दोन सॉकेट असलेल्या कंट्रोलरमध्ये फ्रीझर चुकून गरमच्या सॉकेटला लागला तर तापमान खाली जाताच तो सुरू होतो आणि थांबत नाही. आणि कंट्रोलरचा दिवा बंद असूनही कंप्रेसर गुणगुणत असेल तर रिलेचे (आतला विजेचा स्विच) संपर्क चिकटले आहेत. तो कंट्रोलर त्याच दिवशी काढून टाका. एकदा चिकटलेला रिले टिचकी मारून सुटला तरी पुन्हा चिकटतो.

दुसरा पहारा म्हणून कंट्रोलरशी संबंध नसलेला, १ अंशाला वाजणारा थर्मामीटर आत ठेवा. तोही नसेल तर प्लास्टिकच्या पेल्यात बोटभर साधं पाणी घालून तो केगच्या पायाशी ठेवा. पाणी शून्याला गोठतं, बिअर उणे २ ला, आणि पेल्यातलं पाणी थोडं असल्याने ते कितीतरी आधी गोठतं. सकाळी त्यावर पापुद्र्याएवढा बर्फ दिसला तर केगमधली बिअर अजून द्रवच असते, आणि प्लग काढायला वेळ असतो.